मायचा उजवा हात

आमच्या घरात रागावण्याचा हक्क फक्त नानांना होता. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते भरलं ताट सरकवून उठायचे, तांब्या अंगणात भिरकवायचे, आणि त्यांचा राग उतरेपर्यंत सगळं घर जीव मुठीत धरून बसायचं. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, कधी रागवत नसत. ते गप्प बसत, आणि गप्प बसतात म्हणून गावात देवमाणूस म्हणवून घेत. मायला राग येतो की नाही, हे कुणी पाहिलंच नव्हतं. मला मात्र लहानपणापासून राग यायचा. 'पोरीच्या जातीला एवढा राग बरा नाही' हे इतक्यांदा ऐकलं की पुढेपुढे त्या वाक्याचाच राग यायला लागला. आता गुडघे गेले, साखर वाढली, नातवंडं अंगाखांद्यावर खेळली, पण तो राग आहे तिथंच आहे. तो कशाचा आहे ते एकदा नीट लिहावं, एवढंच मनात आहे.

धरणगावच्या पुढं, एसटीतून उतरून थोडं चालल्यावर आमचं गाव. गाव कापसाचं. दिवाळीनंतर आमच्या पुढच्या खोलीत कापूस छताला टेकायचा, आणि आम्ही पोरं त्यावर उड्या मारून नाकातोंडात तंतू घेऊन खोकत बसायचो. सकाळी जाग यायची ती गावातल्या पिठाच्या गिरणीच्या पुकपुकीनं आणि मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि हिवाळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळली झाडं. त्यांच्या धुराचा वास भरताला लागला नाही, तर नाना घास थुंकायचे. चुलीपुढं माय आणि नानांची बायको, जिला आम्ही जिजी म्हणायचो, अशा दोघी असायच्या. पण जिजी सांगायची आणि माय करायची. धाकट्या भावाची बायको म्हटल्यावर हे ठरलेलंच होतं. यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं.

माय खरी ओळखली जायची ती मांड्यांसाठी. खान्देशाबाहेरच्या माणसाला सांगायचं तर मांडा म्हणजे पुरणपोळीच, पण ती पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, आणि या हातावरून त्या हातावर झुलवत, मनगटापासून कोपरापर्यंत पसरवत न्यायचा. तो कापडासारखा पातळ झाला, की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या मोठ्या भांड्यावर, म्हणजे खापरावर, अलगद टाकायचा. खाली जाळ धगधगता हवा. गोळा फाटला की गेला, हात थांबला की गेला. मायचा मांडा फाटलेला मी कधी पाहिला नाही. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्नाला, बारशाला गल्लीतल्या चार घरांतून बोलावणं यायचं, आणि माय पदर खोचून, कोपरापर्यंत तेलाचा हात लावून बसायची. मांडा झुलवताना तिचे डोळे अर्धे मिटलेले असत. घरात तिचं असं काही नव्हतं. हे मात्र तिचं होतं.

तिच्या छातीत गाठ आली ती तिनं लपवली. मग जिजीला सांगितली, आणि जिजीनं लपवली. बाईच्या अंगाचं दुखणं, पुरुषांना कसं सांगायचं? वेखंड उगाळून लावलं, बिब्बा लावला, कुणीतरी दिलेला अंगारा लावला. शेवटी धुळ्याला शाळामास्तर असलेले माझे मामा राखीला आले, बहिणीचा उतरलेला चेहरा पाहून खनपटीला बसले, आणि तिला जळगावला घेऊन गेले. तिथल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. उजवी छाती काढली आणि बगलेतल्या गाठी काढल्या. गावात सांगितलं, पोटाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावरही तेच. माय एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठली, पण ते दुखणं कशाचं हे तिच्या स्वतःच्या घरात कुणी तोंडानं उच्चारलं नाही. दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले होते की सगळं काढलंय, आता काळजी करू नका. हाताबद्दल कुणीही, काहीही सांगितलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात हात सुजायला लागला. आधी चोळीची बाही घट्ट झाली. मग संध्याकाळी हात जड व्हायचा आणि सकाळी थोडा उतरायचा. मग उतरेना. मी बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ भरायचा नाही. माय म्हणायची, ओल्या कपड्यांनी भरलेली बादली कुणी खांद्याला टांगून ठेवलीय असं वाटतं. गावातल्या डॉक्टरनं हाताला हात न लावता लघवीच्या गोळ्या दिल्या आणि मीठ बंद केलं. माय दिवसभर परसात जाऊन जाऊन गळून गेली. हात होता तेवढाच राहिला. गल्लीत बोलायला सुरुवात झाली की हा हत्तीरोग, तो लागतो. जिजीनं तिचा पेला वेगळा ठेवला. मांड्यांचं बोलावणं बंद झालं, पण शेतातलं आणि पाण्याचं काम बंद झालं नाही. लागट हाताची भाकरी पाव्हण्यांना चालत नव्हती. लागट हातानं वेचलेला कापूस बाजारात चालत होता. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि कळतं म्हणून मी रात्रंदिवस दात खात होते.

मनगटावरच्या सोन्याच्या पाटल्या रुतायला लागल्या तेव्हा सोनाराकडून कापून काढाव्या लागल्या. काचेच्या बांगड्या मायनं स्वतःच एकेक वाढवल्या. आता डाव्या हातात बांगड्या आणि उजवा हात मोकळा. नवरा जिवंत असलेल्या बाईचा असा हात जिजीला बघवेना. गल्लीत कासारीण आली तेव्हा तिनं मायला ओट्यावर बसवलं. माय म्हणाली की चढणार नाहीत. जिजी म्हणाली, "सवाशीन बाईना हात उघडा ऱ्हावाले नको." कासारणीनं साबणाचा फेस केला, पंजा आवळला, आणि एकेक हिरवी बांगडी दाबून दाबून चढवली. मी शेजारी उभी होते. मायच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडातून आवाज येत नव्हता. तिसरी की चौथी बांगडी फुटली, आणि तिची काच अंगठ्याच्या मुळाशी घुसली. जिजीनं त्यावर हळद दाबली आणि म्हणाली की चला, हात भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो हात विस्तवासारखा लाल झाला. लाली मनगटापासून वर चढत खांद्यापर्यंत गेली. बाहेर घाम फुटावा असं ऊन होतं आणि माय दोन गोधड्यांखाली दातांवर दात आपटत पडली होती. बांगड्या सुजेत बुडाल्या होत्या. त्या मी अडकित्त्यानं फोडल्या. नाना म्हणाले, बाहेरचं असेल, उतारा काढा. आबा नानांकडं पाहत राहिले. मी शाळेत जाते असं सांगून धरणगावच्या पोस्टातून मामांना फोन लावला. मामा त्याच संध्याकाळी जीप घेऊन आले. आबांना म्हणाले, भाऊजी, तुम्हीही चला. एरंडोल, पारोळा मागं टाकत आम्ही धुळ्याला पोहोचेपर्यंत माय बडबडायला लागली होती.

तिथली डॉक्टरीण उंच, करड्या केसांची आणि तोंडानं फटकळ होती. मला ती पहिल्या क्षणी आवडली नाही, कारण तिनं आल्याआल्या मायलाच झापलं. पण तिनं हात हातात घेतला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तो हात दोन्ही हातांनी धरून बगलेपासून बोटांपर्यंत पाहिला. इंजेक्शनं सुरू झाली, चार-पाच दिवसांत ताप उतरला, लाली ओसरली. मग तिनं आम्हाला समोर बसवलं. म्हणाली की अंगात रोज थोडं पाणी रक्तातून बाहेर झिरपतं आणि बारीक वाटांनी परत जातं. हाताच्या त्या वाटा बगलेतल्या गाठींमधून जातात, आणि या बाईच्या गाठी काढलेल्या आहेत. निचरा बुजलेल्या शेतात पाणी साचतं तसं हे साचलंय. हा हत्तीरोगाचा जंतू नाही, हे कुणाला लागत नाही, आणि लघवीच्या गोळ्यांनी हे जाणार नाही. पुरतं बरंही होणार नाही. पण सांभाळलं तर वाढणार नाही, आणि बाई सुखानं जगेल.

मामांनी विचारलं की हे आधी का नाही कुणी सांगितलं. डॉक्टरीण खिडकीकडं बघत म्हणाली, "ऑपरेशन करणारे जीव वाचवतात. पुढं हात घेऊन जगायचंय, हे सांगायला कुणाला वेळ नसतो."

परवाच आमच्या शेजारच्या सुनेचं तसंच ऑपरेशन झालं. चकचकीत दवाखाना, लिफ्ट, भिंतीवर टीव्ही. मी भेटायला गेले आणि पहिला प्रश्न विचारला, हाताबद्दल काय सांगितलं? ती म्हणाली, हाताबद्दल? हाताला काय झालंय? आज हातासाठी विणलेली घट्ट बाही दुकानात मिळते, शिकवणारी माणसं आहेत, सगळं आहे. आणि तरी त्या पोरीला ते माझ्याकडून कळावं लागलं. मी तिथून घरी येईस्तोवर मनातल्या मनात भांडत आले.

तर डॉक्टरणीनं काय काय सांगितलं ते अजून पाठ आहे. हात रोज साबणानं धुवायचा, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडा करायचा, खोबरेल लावायचं, कातडी फाटू द्यायची नाही. काटा, काच, चटका यांपासून जपायचं. जरा लाली दिसली की तडक दवाखाना. त्या हाताला इंजेक्शन नाही, रक्तदाबाचा पट्टा नाही. बसताना, निजताना हात उशीवर उंच. हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही, मूठ उघडमीट करायची, हलकं काम करायचं. पण भरलेले हंडे, डोक्यावरचं गाठोडं आणि चुलीच्या जाळापुढं तासन्‌तास बसणं बंद. मग तिनं पट्टी बांधायला शिकवलं: बोटांपासून सुरुवात, पंजाला घट्ट, वर जाताना सैल, आणि बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडायची. मी बांधून दाखवलं. तिनं सोडायला लावलं आणि परत बांधायला लावलं. आबा खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. ती त्यांच्याकडं वळून म्हणाली, "तुम्ही नवरा ना? मग हिच्यापेक्षा तुम्ही नीट ऐका. घरी जाऊन सांगायचं तुम्हाला आहे." आबांनी मान हलवली.

घरी आल्यावर नानांनी विचारलं, काय म्हणे डॉक्टर? आबा म्हणाले, "काही नही. गोळ्या दिन्यात. बरं व्हई जाई."

एवढंच. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. आता या वयात मला कळतं की थोरल्या भावापुढं 'माझी बायको पाणी भरणार नाही' असं म्हणायला त्यांची जीभ उचलली नाही. कळतं. पण कळणं वेगळं. त्यांच्या त्या चार शब्दांनी मायच्या डोक्यावर परत हंडा ठेवला, आणि ते पुढच्या खोलीत जाऊन रेडिओवरचे बाजारभाव ऐकत बसले.

मी सकाळी पट्टी बांधायचे, माय ती पाणी भरताना भिजू नये म्हणून सोडून ठेवायची. मी शाळेतून येऊन परत बांधायचे. मी जिजीला सगळं सांगितलं. जिजी म्हणाली, तुझा बाप तर असं काही बोलला नाही. असा हिवाळा गेला. हात थोडा मऊ झाला होता, तो परत ताठरला.

आखाजीच्या आसपास नानांच्या मुलीचा, सुशीलाचा, साखरपुडा ठरला. पाव्हणे साक्रीकडचे. नानांनी बोलणी करताना छाती पुढं काढून सांगितलं होतं की आमच्या घरचे मांडे खाऊन बघा, मग बोला. लागट हात, वेगळा पेला, सगळं त्या दिवशी विसरलं गेलं. पाव्हण्यांना हात दिसू नये म्हणून जिजीनं मायला लांब बाहीची चोळी घालायला लावली. पट्टी काढायला लावली. परसात चूल मांडली, खापर चढवलं, खाली जाळ ओढला. उन्हाळ्याची दुपार, वर पत्र्याचा मांडव, आणि खापराजवळ उभं राहिलं तरी तोंड भाजत होतं. ओसरीवर पाव्हणे पंगतीला बसायच्या बेतात होते. माय पाटावर बसली आणि तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. वस्तू उचलून ठेवावी तसा.

मी तिथं मसाला वाटत होते. पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि खापरावर घातला.

खापर फुटून तुकडे जाळात पडले, राख उडाली, पुरणाच्या पातेल्यात निखारे गेले. जिजीनं माझ्या मुस्कटात मारली. नाना धावत आले. माझ्या मनात आलं की झालं, संपलं, आता मांडे होत नाहीत. पण खापर काय, गल्लीत घरोघरी होतं. बघता बघता शेजारणीनं भिंतीवरून तिचं खापर दिलं. नवं पुरण कालवलं गेलं, जाळ सारखा झाला. माझ्या एवढ्या रागानं झालं काय, तर पंगतीला जरासा उशीर.

नाना मायला म्हणाले, "पाव्हना येल शेतस. बस." आबा दारात उभे होते. मायनं त्यांच्याकडं पाहिलं. आबा खाली बघत हळूच म्हणाले, "दोन-चार कर, मंग ऊठ."

माय उठली. मला वाटलं ती पाणी घ्यायला चाललीय. ती परसातून ओसरीच्या दारात गेली, जिथं पाव्हण्यांच्या बायका बसल्या होत्या, पुरुषही दिसत होते. तिनं चोळीच्या बाहीचा टाका दातानं तोडला आणि बाही खांद्यापर्यंत सरकवली. हात उन्हात आला: ताठ, चकाकता, कोपराचा घाट नाहीसा झालेला, अंगठ्याच्या मुळाशी काचेचा वण.

"हाऊ मना हात शे," ती म्हणाली. "देखी ल्या बठ्ठा जन. मी आज मांडा नही करस."

आवाज चढवला नव्हता. मग साक्रीकडच्या पाव्हण्यांतली एक म्हातारी, नवऱ्या मुलाची आजी, हात जवळ घेऊन बघत म्हणाली, बाई, एवढा हात घेऊन तू चुलीपुढं बसलीच कशी? आणि सगळ्यांकडं बघून म्हणाली की आम्हाला काय, साध्या पोळ्या चालतील.

साध्या पोळ्या झाल्या. जिजीनं आणि शेजारणींनी लाटल्या, तव्यावर भाजल्या. पाव्हण्यांनी आमरसाबरोबर खाल्ल्या, परत मागून खाल्ल्या. साखरपुडा झाला, पुढं लग्नही झालं, सुशीला आज नातवंडांत आहे. काहीही बिघडलं नाही. माझा राग सगळ्यात जास्त याच्यावर आहे. ज्याच्यासाठी माय मरायला टेकली होती, ते इतकं सोपं होतं. एका म्हातारीच्या 'चालतील'एवढं सोपं होतं.

पाव्हणे गेल्यावर माय ओट्यावर येऊन बसली आणि मला म्हणाली, बांध. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत मी बोटांपासून पट्टी बांधायला घेतली. आबा येऊन उभे राहिले. म्हणाले, "दुखस का?"

मायनं मान वर केली नाही. म्हणाली, "आते इचारतस?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं हंड्याला हात लावला नाही. नाना दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत. तिला ते जड गेलं नाही. हात पूर्वीसारखा कधी झाला नाही, पण पट्टीत राहिला, मऊ राहिला. मधे एकदोनदा लाल झाला तेव्हा ती कुणाला न विचारता एसटीत बसून धुळ्याला गेली. मांडे तिनं पुन्हा केले नाहीत. पुष्कळ वर्षं जगली आणि भलत्याच आजारानं गेली.

पाणी मग आबा भरू लागले. हापशावरून दोन हातांत दोन बादल्या घेऊन ते गल्लीतून येत तेव्हा लोक त्यांच्याकडं कौतुकानं बघत. बायका आपापल्या नवऱ्यांना सांगत, बघा, माणूस असावा तर असा. माय एवढी वर्षं डोक्यावर हंडा आणि कडेवर मला घेऊन त्याच वाटेनं आली होती, तेव्हा कुणी मान वळवली नव्हती. आबा वारले तेव्हा गाव लोटलं. गावातल्या कुणीतरी भाषण केलं, की बायकोच्या आजारात तिच्यासाठी पाणी भरणारा असा देवमाणूस आता होणे नाही. मी दात खात तोंडावर पदर घेतला. लोकांना वाटलं, पोरगी रडतेय.